साठ वॅटचा चोर

१ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोज लिहायचं. कुणी वाचावं म्हणून नाही. पुढेमागे एखादं घर वठणीवर कसं आणलं याची कुणाला माहिती लागली, तर ती कागदावर असावी, इतकंच.

पार्श्वभूमी. हिला नव्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनकडून विचारणा आली आहे. रोज दीडशे बन, २ मार्चपासून. ही सहा वर्षं घरून केक आणि पाव करते, पण स्वयंपाकघरात एक ओव्हन, एक टेबल. दीडशे बन त्यात मावत नाहीत. तेव्हा जागा पाहिजे. कुठली? तर माझी खोली!

मी शांतपणे सांगितलं की ती खोली नाही, ऑफिस आहे. सासूबाईंनी सोफ्यावरून विचारलं, कसलं ऑफिस? म्हटलं, घराचं सगळं नियोजन तिथून चालतं. त्यावर लेक (वय एकोणीस, कॉलेज, तोंड फटकळ) म्हणाली, बाबा, जानेवारीत २६८ युनिट जाळली आपण, तेही नियोजन तिथूनच झालं का?

झालं! वजनमापं खात्यात तपासनीस म्हणून तीस वर्षं लोकांचे तराजू तपासतोय. मी दुकानात पाऊल टाकलं की दुकानदाराला घाम फुटतो. आणि माझ्याच घरात मोजमाप नाही? तिथल्या तिथे जाहीर केलं की फेब्रुवारीत वीज वाचवून दाखवतो. ही म्हणाली, दाखवा. २२० युनिटांच्या आत राहिलात तर खोली तुमची, मी कॅन्टीनला नकार कळवते. वर गेलात तर २८ तारखेला संध्याकाळी खोली रिकामी. एवढं बोलून हसली. मला ते हसणं कौतुकाचं वाटलं.

शिवाय फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा. म्हणजे दहा टक्के बचत हातपाय न हलवता. हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. मीही बोललो नाही.

मीटर: १४३०६. हद्द: १४५२६.

२ फेब्रुवारी, सोमवार

शत्रू सापडला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. उपकरण रिमोटने बंद केलं तरी ते बंद होत नाही. लाल दिवा लावून बसून राहतं. याला म्हणतात स्टँडबाय. कुणीतरी कधीतरी बटण दाबेल म्हणून तयार. आणि नुसतं तयार राहायलाही वीज लागते. आमच्या ऑफिसात असे दोघे आहेत. दिवसभर तयार. काम शून्य, चहा चालू.

संध्याकाळी घरातल्या दिव्यांची शिरगणती. टीव्ही, टीव्हीचा डबा, मायक्रोवेव्ह, ओव्हन, वॉशिंग मशीन, राउटर (हिरवे, पण पाच), प्रिंटर, लेकीचे दोन चार्जर, सासूबाईंचं पाय चेपायचं मशीन. एकूण चौदा दिवे. चौदा! आपण झोपलोय आणि हे जागे.

माझ्या खोलीतही एक आहे, अ‍ॅम्प्लिफायरचा. तो धरला नाही. त्याची गोष्ट वेगळी. जुनं, दणकट मशीन. असली मशीनं सारखी बंद-चालू केली की मरतात, ती गरम ठेवावी लागतात. रेकॉर्ड प्लेअरची सुई मिळाली की त्याच मिनिटाला गाणं वाजलं पाहिजे. सुई मोडून अकरा वर्षं झाली. शोध सुरू आहे. म्हणजे तो काही चालू नाही. फक्त तयार आहे.

३ फेब्रुवारी

ऑफिसातून बाद झालेली शिक्क्याची पकड, बारीक तार आणि शिशाच्या गोळ्या आणल्या. तराजू तपासला की आम्ही त्याला तार ओवून शिशाची गोळी दाबतो. मग त्याला कुणी हात लावत नाही. ती तोडली तर गुन्हा.

संध्याकाळी टीव्ही, मायक्रोवेव्ह आणि पाय चेपायच्या मशीनचे प्लग उपटून सील केले. सासूबाई बघत होत्या. जवळ आल्या नाहीत. कायद्याचा धाक.

४ फेब्रुवारी

टीव्हीचं सील तुटलेलं. शेजारी भाजी कापायची कात्री. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या की हिवाळ्यात शिसं आपोआप आकसतं. तीस वर्षांत मी असं ऐकलेलं नाही. पुस्तकात बघितलं पाहिजे.

६ फेब्रुवारी, पहाटे ५.४५

थंडी कडक. माझ्या खोलीबद्दल घरात जो जिव्हाळा आहे, त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी म्हणून लिहितो.

मांजर (आम्ही तिला बाईसाहेब म्हणतो) घरभर गाद्या असताना माझ्याच खोलीतल्या लाकडी कपाटावर झोपते. कपाटात अ‍ॅम्प्लिफायर आहे, वर रुमालसुद्धा अंथरलेला नाही, तरी तिथेच. मी फायली चाळत असतो, ती माझ्याकडे बघत असते. मुक्या जनावराला माणूस कळतो.

सासूबाई रोज संध्याकाळी येऊन धुतलेले लोकरी मोजे त्याच कपाटावर पसरून जातात. दुसऱ्याच्या खोलीत आपली वस्तू ठेवणं हा आपलेपणाच झाला.

आणि ही. आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे साडेपाचला येते. हातात झाकलेलं पातेलं. कपाटाचं दार उघडते, पातेलं आत ठेवते, काही न बोलता जाते. तासाभराने पातेलं न्यायला परत. म्हणजे परत यायला निमित्त! पंचवीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

अशी ही खोली. हिचे बन बनतील कुठेही.

८ फेब्रुवारी, रविवार

राउटर रात्री दहा ते सकाळी सात बंद ठेवायचा नियम केला. लेक उशी आणि लॅपटॉप घेऊन जिन्यात जाऊन बसली. वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टने तिला त्यांच्या वायफायचा पासवर्ड दिलाय म्हणे. एका डेंटिस्टला एवढं इंटरनेट कशाला लागतं? नोंद करून ठेवतो.

मीटर: १४३६३. सात दिवसांत ५७. म्हणजे... जरा जास्तच. पण सुरुवातीला असं होतंच. पुढे उतार लागेल.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आजचं सविस्तर लिहायला हवं, कारण घरात चुकीचा समज पसरला आहे.

कॅन्टीनच्या मॅनेजर बाईंना आज सकाळी आठ वाजता नमुन्याचे वीस बन पाहिजे होते. ही पाचला उठली. काल मी ओव्हनचा प्लग काढून ठेवला होता (घड्याळ! चोवीस तास कुणाला वेळ दाखवतं ते?). हिने प्लग लावला, तापमान लावलं, दिवा लागला, पंखा फिरला. अर्ध्या तासाने ट्रे आत ठेवला. पंचवीस मिनिटांनी दार उघडलं तर बन पांढरेफटक आणि पसरलेले. ओव्हन थंडगार!

हा ओव्हन घड्याळ लावल्याशिवाय तापतच नाही. प्लग काढला की घड्याळ शून्यावर येतं आणि मग दोन बटणं एकदम दाबून वेळ लावावी लागते. कुठली दोन, ते माहितीपुस्तकात आहे. माहितीपुस्तक माझ्या खोलीत आहे, फाइल क्रमांक ९, 'स्वयंपाकघर, इतर'. मला उठवलं असतं तर चार मिनिटांत काढून दिलं असतं. मला उठवायला सात वाजले.

तांत्रिक चूक ओव्हनची आहे. ज्याला वेळ कळल्याशिवाय काम करता येत नाही, ते कसलं यंत्र?

मॅनेजर बाईंना फोन करून ही माफी मागत होती. मी दाराआड उभा होतो. त्यांनी २० तारखेला परत नमुना मागितलाय. फोन ठेवून हिने ट्रे सिंकमध्ये ठेवला, पाणी सोडलं आणि मला म्हणाली की बाजूला व्हा, ओलं होईल.

बोलली असती तर बरं झालं असतं. वाईट वाटलं मला. ओव्हनचा प्लग यापुढे काढायचा नाही.

१२ फेब्रुवारी

नवा मार्ग. माणसावर अवलंबून राहायचंच नाही. आठ स्मार्ट प्लग आणले. मोबाइलवरून बंद करता येतात. प्रत्येकाला छोटा दिवा आहे, पण निळा. घरातले लाल दिवे आता निम्म्यावर! स्मार्ट प्लगना वायफाय लागतं, म्हणून राउटर चोवीस तास सुरू ठेवण्याचा नियम केला. लेक जिन्यातून परत आली. म्हणाली, बाबा, हे प्लगसुद्धा स्टँडबायवरच असतात ना? मी म्हटलं, ते पहारा देतात. पहारेकरी झोपून कसा चालेल?

१३ फेब्रुवारी

ऑफिसातून मोबाइलवर घर तपासत होतो. टीव्ही चालू दिसला, बंद केला. परत चालू. परत बंद. असं अकरा वेळा. संध्याकाळी कळलं की सासूबाई मालिकेचा एकच सीन अकरा वेळा अर्धवट बघत होत्या आणि शेवटी शेजारी गेल्या. त्या सूनबाईने विष घातलं की नाही हे अजून त्यांना कळलेलं नाही. माझ्याशी बोलणं बंद आहे. मोजेसुद्धा मी ऑफिसला गेल्यावर ठेवून जातात.

ऑफिसात, समोर आलेल्या दुकानदाराचा काटा न बघता मी मोबाइल बघत बसलो, म्हणून साहेबांनी विचारलं की सगळं ठीक आहे ना. आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी १२

मोठा शोध लागला आहे.

तिघी बाजारात गेल्या. मी घरातलं सगळं बंद केलं. दिवे, पंखे, राउटर, निळे प्लग, ओव्हनसुद्धा (घड्याळ मी लावून देईन, पान ४), फ्रीजसुद्धा. सगळं म्हणजे सगळं. घरात चिडीचूप. बाईसाहेब कपाटावर घोरत होत्या, तेवढाच आवाज.

मग जिन्याखाली जाऊन मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. आमच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो. ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, असं वरच छापलंय. सगळं बंद म्हणजे ठिपका बंद पाहिजे.

लुकलुकला.

घड्याळ लावलं. एकोणीस सेकंदांनी पुन्हा. परत एकोणीस. वीस मिनिटं मोजलं, एकोणीस म्हणजे एकोणीस. हिशेब केला. जवळजवळ साठ वॅट. दिवसाला जवळजवळ दीड युनिट. महिन्याला चाळीसच्या वर!

आमच्या मीटरवरून कुणीतरी वीज चोरतंय. मी चौदा दिव्यांच्या मागे लागलो आणि चोर दिवा न लावताच बसलाय.

मेन स्विच पाडून बघितला असता तर आणखी खात्री झाली असती. पण मग अ‍ॅम्प्लिफायरला झटका बसला असता, आणि त्याने आपलं काय वाईट केलंय?

१६ फेब्रुवारी

संशयित एकच. वरचा डेंटिस्ट. त्याचा दवाखाना घरातच आहे. खुर्ची विजेवर वरखाली होते, ड्रिल, कॉम्प्रेसर, शिवाय ते इंटरनेट. आमच्या मीटरची वायर वरूनच जाते. हसतोही जास्त. प्रामाणिक माणसाला एवढं हसायचं कारण नसतं. दात बरे आहेत म्हणून हसतो, असं ही म्हणाली.

लेकीला सांगितलं की त्याचं वायफाय वापरू नकोस, उद्या साक्षीदार व्हावं लागेल.

१८ फेब्रुवारी

बिल्डिंगच्या सेक्रेटरींना पत्र दिलं. दोन पानं, तक्ता जोडून. 'एकोणीस सेकंदांचा पुरावा' असं शीर्षक दिलं. कुणाचं नाव घेतलेलं नाही. फक्त 'वरच्या मजल्यावरील दंतव्यवसायी गृहस्थ' एवढंच.

ही वाचून म्हणाली, देऊ नका हो. मी विचारलं, का? म्हणाली, सहज. आणि काही तरी सांगणार होती, पण ओव्हनची घंटा वाजली.

मीटर: १४४४८. सतरा दिवसांत १४२. चोर पकडला की बरोबर होईल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नमुना पास! वीस बन, आठच्या ठोक्याला. मी स्वतः ओव्हनचं घड्याळ पहाटे दोनदा तपासलं. मॅनेजर बाईंनी बन दाबून बघितला, तो परत वर आला. म्हणाल्या, एवढ्या थंडीत पीठ इतकं सुरेख फुगतं कुठे? ही म्हणाली की घरात एक उबदार जागा आहे. ऐकून बरं वाटलं. घरातली ऊब बाहेरच्यांनाही जाणवते, याचं श्रेय सगळ्यांचंच.

आता त्यांना २७ तारखेला पूर्ण दीडशे बन पाहिजेत, एका वेळी. ते जमले की काम पक्कं. म्हणजे, खोली मिळाली तर. ही आज गुणगुणत होती. खूप दिवसांनी. मला बरं वाटलं आणि मग जरा कसंतरीच वाटलं, कारण जिंकणार तर मी आहे.

दुपारी एक मोठं खोकं आलं. ते उघडायचं नाही असं सासूबाई म्हणाल्या. बहुतेक माझ्या वाढदिवसासाठी. वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे, पण ही आधीपासून तयारी करणारी बाई. सासूबाई टेप घेऊन माझी खोलीही मोजत होत्या. बोलणं सुरू झालं, हे महत्त्वाचं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज लिहायचं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम.

दहा वाजता डेंटिस्ट आले. हातात माझं पत्र, सोबत बिल्डिंगचा वायरमन आणि सेक्रेटरी. हसत होते. म्हणाले, चला, चोर शोधूया.

वायरमनने सगळे प्लग काढायला लावले (अ‍ॅम्प्लिफायरचा मी धरला नाही) आणि मग आमच्या घरातला मेन पाडला. आम्ही सगळे जिन्याखाली मीटरसमोर. एक मिनिट. दोन मिनिटं. ठिपका लुकलुकला नाही. वायरमन म्हणाला, साहेब, चोर वर नाही, घरातच आहे. मी म्हटलं, झटका बसल्यामुळे घाबरला असेल. हे मी बोललो. सगळ्यांसमोर.

मग मेन चालू करून एकेका खोलीचा छोटा स्विच वर केला. स्वयंपाकघर, काही नाही. हॉल, काही नाही. सासूबाईंची खोली, काही नाही. शेवटी माझी खोली. लेक जिन्यातून ओरडली, लुकलुकला! एकोणीस सेकंदांनी परत ओरडली.

सगळी वरात माझ्या खोलीत. वायरमनने बाईसाहेबांना उचलून बाजूला ठेवलं, कपाटाचं दार उघडलं, अ‍ॅम्प्लिफायरवर पंजा ठेवला आणि पटकन काढला. म्हणाला, साहेब, हा तर तवा झालाय. किती दिवस चालू आहे? मी म्हटलं, चालू नाही, तयार आहे. डेंटिस्ट पहिल्यांदाच हसायचे थांबले. बहुधा कीव आली.

अकरा वर्षं. साठ वॅट. वायरमनने मोबाइलवर हिशेब करून आकडा दाखवला, पाच हजार सातशे युनिट. मी बाद केलेल्या एकाही तराजूत इतकी तफावत निघाली नव्हती.

सगळे गेल्यावर हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो. कधीपासून? पाव करायला लागले त्या पहिल्या वर्षापासून. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, पीठ छान फुगायचं त्यात.

म्हणजे पातेलं.

म्हणजे मोजेसुद्धा.

मी खाली वाकून प्लग काढला. डेंटिस्टकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी माझी अक्कलदाढ फुकट बघून दिली. किडली आहे म्हणे. स्मार्ट प्लगही दुकानात परत केले, ते पहारेकरीसुद्धा मिळून आठ वॅट खात होते.

मीटर, संध्याकाळी: १४४८३.

२३ फेब्रुवारी

मीटरसमोर तासभर बसलो. सगळं बंद केलं की ठिपकाही बंद. हिशेब केला. असंच चाललं तर २८ ला १४५२३. हद्द १४५२६. तीन युनिटांनी जिंकतो! खोली राहते.

बाईसाहेब कपाटावर आल्या, चार पावलं फिरल्या, वास घेतला आणि निघून गेल्या.

२४ फेब्रुवारी

आज खोलीत कुणी आलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

हिने दीडशेची रंगीत तालीम केली. पहाटे पीठ मळून स्वयंपाकघरातच ठेवलं, वर दोन चादरी घातल्या. थंडी इतकी की पीठ हललंच नाही. ओव्हन पीठ फुगवण्याइतका मंद ठेवता येत नाही, सगळ्यात कमी तापमानालाही कडा शिजतात. बन निघाले ते गोट्यांसारखे. सासूबाईंनी एक चावून बघितला आणि म्हणाल्या, वरच्या डॉक्टरांची सोय झाली.

ही हसली, पण टेबल पुसताना एकच जागा बराच वेळ पुसत होती.

मी म्हटलं, मग अ‍ॅम्प्लिफायर लावायचा होतास. म्हणाली, पैज म्हणजे पैज. तुम्ही तीन युनिटांनी पुढे आहात, मला लेकीने सांगितलं. उद्या सकाळी कॅन्टीनला नाही म्हणून फोन करते. तसंही वय झालं आता माझं, दीडशे कुठे झेपणार.

हिचं वय झालं? माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे!

कुणीच भांडत नाही या घरात. खोलीत बसलो. इथे मी नक्की काय करतो, याची यादी करायला घेतली. एक: फायली. दोन लिहून पेन ठेवलं. खोली गार आहे. पूर्वी अशी नव्हती.

२६ फेब्रुवारी, पहाटे ५.१०

प्लग लावला.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. जुनी मशीनं चार दिवसांपेक्षा जास्त थंड ठेवली तर बिघडतात. बाकी काही नाही.

मग स्वयंपाकघरात जाऊन हिला म्हटलं, पिठाची पातेली किती आहेत? ही बघतच राहिली. तीन, म्हणाली. मी तीनही नेली. कपाटातली रेकॉर्डची खोकी बाहेर काढली, तेव्हा कुठे मावली. कपाटाचं दार लावून समोर बसून राहिलो. ही दारात उभी होती. विचारलं, फोन केलास का? म्हणाली, आठला करणार होते. म्हटलं, करू नकोस.

ही आत आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. पातेलं घ्यायला नाही. पातेल्याला अजून पाऊण तास होता.

२७ फेब्रुवारी

एकाच ओव्हनमध्ये घाण्यावर घाणे काढून दीडशे बन. एकशे एक्कावन्न खरं तर, एक मी खाल्ला. मॅनेजर बाईंनी काम पक्कं केलं.

मीटरकडे बघितलं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी ६

मीटर: १४५२९. वापर २२३. तीन युनिटांनी हरलो.

लेकीने दुसरा हिशेब करून दाखवला. अ‍ॅम्प्लिफायर १ तारखेलाच बंद केला असता, तर तीसएक युनिटांनी जिंकलो असतो, आरामात, घरातल्या कुणालाही त्रास न देता. मी म्हटलं, असले हिशेब लग्नानंतर नवऱ्याला दाखव.

खोली रिकामी केली. फायली पलंगाखाली. खोकं उघडलं, त्यात दुसरा ओव्हन निघाला. पावतीवर तारीख ३१ जानेवारीची, पैजेच्या आदल्या दिवसाची. आता कुणाला काही विचारत नाही मी.

अ‍ॅम्प्लिफायर जागेवरच राहणार आहे. त्याला हिने कामावर ठेवलं आहे.

२ मार्च, सोमवार

आज खास रजा टाकली. पहिला दिवस, घरात एक माहीतगार पुरुष माणूस हवा. शिवाय प्रत्येक बन साठ ग्रॅमचा हवा, आणि वजनाच्या बाबतीत या घरात माझ्याइतका जाणकार कोण आहे? ऑफिसातून पितळी वजनं आणून हिचा काटा तपासला. अचूक निघाला. निराशा झाली.

पहाटे साडेचारला आंघोळ करून, एप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून हजर झालो. सासूबाई गोळे करत होत्या, लेक ट्रे लावत होती, बाईसाहेब कपाटावर. मला कोपऱ्यातलं स्टूल दिलं. तेच, मीटरसमोरचं.

मी विचारलं, मी काय करू? हिचे दोन्ही हात पिठात होते. म्हणाली, तुम्ही नुसते तयार राहा. लागलं तर हाक मारते.

आता सव्वानऊ झालेत. बन कधीच गेले. मी तयार आहे.